साचा नाटकातला की नाटकाचा?

ठाण्याच्या गडकरी रंगायतन नाट्यगृहाच्या पायऱ्या उतरून तलावपाळीकडे निघालं की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. नाटक विनोदी असेल तर, "मस्त होतं हो, अगदी आपल्या घरातलं!" आणि रंगमंचावर चार जण मिळून एका बाईला वाटेल ते बोलले असतील तर, "शी, किती बायकांच्या विरोधात लिहिलंय!" बहुतेक वेळा प्रकार नेमका उलटा असतो. इतकी वर्षं ऐकतेय, आता सहन होत नाही, म्हणून हे लिहितेय.

बाईचा, पुरुषाचा, सासूचा ठरलेला साचा दोन ठिकाणी असू शकतो. एक नाटकाचा साचा आणि दुसरा नाटकातला साचा. पहिला तुम्हाला तोंडपाठ आहे, तेव्हा तो पटकन उरकते. नवरा बावळट, बायको खर्चिक, सासू कजाग, शेजारीण भोचक. बायको माहेरी निघाली की नवरा नाचतो आणि बाल्कनीतून शिट्टी येते. सासूच्या एंट्रीला डरकाळी वाजते. शेवटच्या दहा मिनिटांत कुणीतरी बॅग भरतं, कुणाला तरी चक्कर येते, आणि दोन अंक एकमेकांना टोचून बोलणारी माणसं गळ्यात गळा घालून पडदा पाडतात. हा साचा काढून घेतला तर त्या नाटकाची तिसरी घंटासुद्धा व्हायची नाही.

विनोदाचं मला वावडं नाही, हेही सांगून टाकते. अत्र्यांच्या 'मोरूची मावशी'त साडीतला पुरुष हसवतो, पण हसू त्याच्या फजितीचं असतं, नुसत्या पदराचं नसतं. हल्ली पुरुषाला साडी नेसवली की लेखकाचं काम संपतं. त्याचा मला मनस्वी कंटाळा आहे.

दुसरा प्रकार जरा अवघड. इथे पात्रं साच्यातून बोलतात आणि नाटक त्यांच्याकडे पाहत बसतं. गडबड होते ती दोन्हीकडे वाक्य तेच असतं म्हणून. 'बायकांना काय कळतंय' हे वाक्य पहिल्या नाटकात असतं, दुसऱ्यातही असतं. त्यामुळे नुसते संवाद वाचून निकाल देता येत नाही. लोक मात्र तेच करतात. एक संवाद उचलतात, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात आणि लेखकाला फासावर देतात.

मग ओळखायचं कसं? त्या वाक्यावर हशा येतो की नाही, हे बघून उपयोग नाही. हशा दोन्हीकडे येतो. त्या हशाचं पुढे काय होतं ते बघायचं. पहिल्या प्रकारात हशा फुकट मिळतो. हसलात, सोडून दिलंत, पुढचा विनोद. दुसऱ्या प्रकारात तो उधारीवर मिळतो आणि नाटक कधी ना कधी वसुलीला येतं.

विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' घ्या. 1967 साली रंगभूमीवर आलेलं नाटक, म्हणजे साठी जवळ आली, तरी हौशी मंडळींना त्याचा मोह सुटत नाही. एक हौशी मंडळ खेडेगावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला आलंय. प्रयोगाला वेळ आहे म्हणून गंमत म्हणून लुटुपुटूचा खटला उभा करतात आणि आरोपी करतात शिक्षिका असलेल्या बेणारे बाईंना. सुरुवातीला आपण खळखळून हसतो. काशीकर न्यायाधीश होऊन कान कोरतात, बायकोनं तोंड उघडलं की तिला गप्प करतात. सुखात्मे वकील, पण हातात खटला नाही. पोंक्षे इंटर नापास. यांची कुंडली खुद्द बेणारेच सुरुवातीला मांडून ठेवते. आपण या सगळ्यांना हसतो, आणि हसता हसता त्यांच्याच बाकावर जाऊन बसतो, कारण खटल्याची गंमत आपल्यालाही हवीहवीशी वाटायला लागते. मग प्रश्न बदलतात. अविवाहित बाई, एवढं वय, लग्न का नाही, कुणाकुणाच्या खोलीवर जाते. सभागृहातला हशा विरळ होतो. ज्या कडीत सुरुवातीला तिचं बोट चेमटलं होतं तीच कडी बाहेरून अडकते आणि तिला निघून जाता येत नाही. शेवटी काशीकर तिच्या पोटातला गर्भ नष्ट करायची शिक्षा सुनावतात. दार उघडल्यावर मंडळी पुन्हा प्रयोगाच्या तयारीला लागतात, कारण तो 'खेळ' होता ना! पहिल्या अर्ध्या तासात आपण जे हसलो ते इथे घशात अडकतं. हे नाटक बायकांच्या विरोधात आहे असं म्हणणं म्हणजे पंचनामा लिहिणाऱ्यालाच चोर म्हणणं.

आणखी एक बघा. त्या मंडळींत मिसेस काशीकर आहेत. बेणारेवर सगळ्यात खुशीत तोंडसुख घेणाऱ्यांत त्या पुढे असतात. पण नाटकभर त्यांना स्वतःचं नाव नाही, आणि नवरा दर दोन वाक्यांनी त्यांना झापतो. लेखकानं त्यावर भाष्य केलेलं नाही. नुसतं शेजारी ठेवलंय. नाटकातला साचा तो हा.

अर्थात हे दिग्दर्शकाच्या हातून निसटूही शकतं. हौशी स्पर्धेत मी असा सुखात्मे पाहिलाय जो प्रत्येक वाक्यानंतर प्रेक्षकांकडे वळून लाफ्टर घ्यायचा आणि टाळी थांबेपर्यंत ताटकळायचा. संहिता तीच, पण त्या पॉजमुळे नाटक पहिल्या प्रकारात जाऊन पडलं. बेणारे बिचारी विनोदाच्या मध्ये मध्ये येतेय असं वाटत होतं.

ज्यांचं नाव रंगायतनला आहे त्या राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' मात्र मला अजून कुठल्याच खणात नीट ठेवता आलेलं नाही. सुधाकर दारूपायी घराची राखरांगोळी करतो आणि त्याची बायको सिंधू मरता मरताही त्यालाच वाचवते. त्या सोशिकपणाची नाटक आरतीच ओवाळतं, म्हणजे साचा नाटकाचा. पण त्याच नाटकात तळीरामाची बायको गीता आहे, फटकळ, दारूड्या नवऱ्याचा मुलाहिजा न ठेवणारी. तिच्या वाट्याला विनोद आला आणि सिंधूच्या वाट्याला पदं. 1919 साली पहिल्या प्रयोगापासून सिंधू रंगवली बालगंधर्वांनी. आदर्श पत्नीनं कसं सोसावं हे मराठी घरांनी एका पुरुषाकडे बघून गिरवलं, याची मला दर वेळी गंमत वाटते.

'स्त्रीप्रधान' या शब्दावरही लोक बरेच वाद घालतात. त्यात फारसं काही नाही. बाईची भूमिका मोठी आहे एवढाच त्याचा अर्थ. साच्यातली सासूही तीन तास रंगमंच अडवू शकते. उलट महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त घरातल्या मुलीच्या, प्रभाच्या वाट्याला मोजके प्रवेश येतात, पण तिचं राहून गेलेलं शिक्षण त्या वाड्याच्या प्रत्येक खोलीत जाणवत राहतं.

आता माझ्या घरच्या आघाडीवर येते. गेल्या वर्षी ऐरोलीत आमच्या सोसायटीच्या गणपतीत एकांकिका बसवली. तालीम स्टिल्ट पार्किंगमध्ये, दोन स्कूटर बाजूला सरकवून. त्यात निवृत्त नवरा पेपरामागून म्हणतो, "बाईच्या जातीला पैशातलं काय कळतं?" तेव्हा बायको पाठमोरी बसून भिशीचे पैसे मोजत असते, त्याच पैशांतून घराचा हप्ता जाणार असतो. कमिटीनं निरोप पाठवला की हा डायलॉग काढा, बायकांचा अपमान होतो. मुलाच्या तोंडी बायकोच्या मेकअपवर एक शिळा विनोद होता. तो मी स्वतःच काढत होते, तर म्हणाले, "तो राहू द्या, लोक हसतात."

बायकोचं काम करणाऱ्या काकू साठीच्या, याआधी कधी रंगमंचावर न चढलेल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "डायलॉग काढलात तर मी नोटा कशाला मोजू?"

डायलॉग ठेवला, मेकअप उडवला. प्रयोगाच्या दिवशी पुढच्या रांगेतले पुरुष त्या वाक्यावर अगदी मोकळेपणी हसले. काकूंनी वळून बघितलंही नाही. अंगठा जिभेला लावला, पुढची नोट उलटली, मोजून संपवलं आणि पेपराकडे बघत म्हणाल्या, "चारशे कमी आहेत. तुम्ही घेतलेत?" या वेळी हसू मागच्या रांगांतून आलं, बायकांचं.

खाली उतरले तर कमिटीचे एक काका प्रसादाचा द्रोण घेऊन उभे. म्हणाले, "छान झालं हं. फक्त तो डायलॉग पुढच्या वर्षी नको."