गाडी डावीकडेच का ओढते?

पावसाळा संपत आला की गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते, "गाडी डावीकडे ओढते." लगेच सल्ला मिळतो, अलाइनमेंट करून घ्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्या. ती करूनही ओढ तशीच राहते आणि माणूस वैतागतो. अलाइनमेंटच्या नावाखाली बऱ्याचदा फक्त टो जुळवलेला असतो, आणि ओढीचं मूळ टोमध्ये क्वचितच असतं.

वरून पाहिल्यावर पुढची चाकं आत वळलेली आहेत की बाहेर, ते म्हणजे टो. दोन्ही चाकं एकाच स्टिअरिंगला जोडलेली असल्यामुळे पुढच्या टोमधली चूक दोघांत वाटली जाते. स्टिअरिंग वाकडं दिसतं, टायर खाल्ला जातो, पण गाडी सहसा सरळ जाते.

ओढ लावतो तो कॅम्बर, म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा कल. जमिनीवर एक नाणं घरंगळत सोडा. ते ज्या बाजूला झुकतं, त्याच बाजूला वळत जातं. कललेलं चाकही तेच करू पाहतं. दोन्ही चाकांचा कल सारखा असेल तर त्यांची ओढ एकमेकांना मारते. खड्ड्यात आपटून एका बाजूचा कल बदलला, की हा तोल बिघडतो आणि एक बाजू जिंकते. फरक किती लागतो? अर्धा अंशही जाणवू शकतो. १४ इंची रिमवर अर्धा अंश म्हणजे वरच्या आणि खालच्या कडेत जेमतेम ३ मिलिमीटर!

मात्र पान्याला हात लावण्याआधी साध्या गोष्टी तपासाव्यात. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो. तो अडीच टक्के धरला, तर १,००० किलोच्या गाडीला सुमारे २५ किलोचा जोर बाजूला ढकलत असतो. आपण डावीकडून चालतो, म्हणून थोडी डावी ओढ रस्त्याचीच असते. मग टायरमधली हवा बघा. कुठलं चाक जास्त तापतंय का, तेही बघा, कारण चिकटलेला ब्रेकही गाडी खेचतो. पुढचे दोन टायर आपसात बदलून पाहा (एकाच दिशेने फिरणारे टायर असतील तर हे करू नका). ओढीची बाजू बदलली, तर दोष टायरचा.

एवढं करूनही ओढ राहिली तर कॅम्बर. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये शॉकअबसॉर्बरचा स्ट्रट दोन जाड बोल्टांनी चाकाच्या नकलला (चाक ज्यावर बसतं तो धातूचा भाग) जोडलेला असतो. कॅम्बर बदलायची सोय कंपनीने अनेकदा दिलेली नसते. तिथे त्यातल्या एका बोल्टच्या जागी कॅम्बर बोल्ट बसवतात. त्याचा मधला भाग मुद्दाम एका अंगाला फुगीर असतो. तो फिरवला की चाकाचा माथा किंचित आत किंवा बाहेर सरकतो. इथे एक क्रम पाळावाच लागतो: आधी कॅम्बर, शेवटी टो. कॅम्बर हलवला की टोही हलतो. मग टाय रॉडची, म्हणजे स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याची, चेकनट (दांडा जागेवर घट्ट धरणारी नट) सैल करून टो पुन्हा जुळवायचा.

कॅस्टरचं प्रकरण जास्त गंभीर. बाजूने पाहिल्यावर चाक ज्या अक्षाभोवती वळतं, तो मागे कललेला असतो; हा कल म्हणजे कॅस्टर. त्यामुळे वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं. ज्या बाजूचा कॅस्टर कमी, तिकडे गाडी ओढते. छोट्या गाड्यांत तो सहसा जुळवता येत नाही. आकडा चुकलेला दिसला, तर लोअर आर्म (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) वाकलाय का, त्याच्या सांध्यातला रबरी बुश फाटलाय का, हे गाडी वर उचलून बघायला हवं. वाकलेला आर्म तसाच ठेवून कॅम्बर बोल्टने ओढ झाकणं मला धोक्याचं वाटतं. म्हणून अलाइनमेंट झाल्यावर मशीनचा कागद मागून घ्या. त्यावर कॅम्बर आणि कॅस्टरचे डाव्या-उजव्या चाकांचे आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात.