वेब तुटली तरी गाईड थांबत का नसे?

कागद, कापड किंवा फिल्मचा अखंड पट्टा, म्हणजे वेब, रोलरांवरून जाताना बाजूला सरकतोच. रोलर किंचित तिरका असतो, रिळाची एक कड सैल असते, नाहीतर कागदातला ओलावा कमीजास्त असतो. १७९९ मध्ये फ्रान्सच्या लुई-निकोला रोबेर यांनी अखंड कागद बनवणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले आणि १८६३ मध्ये अमेरिकेत विल्यम बुलक यांनी रिळावर छापणाऱ्या यंत्राचे. पुढे बराच काळ कड सांभाळायची ती कामगाराने, नजर ठेवून आणि हाताने रीळ सरकवून. वेब तुटली तर तीही त्यालाच आधी दिसे. वेबची कड आपोआप जागेवर ठेवणारा स्वयंचलित गाईड आला आणि ही दोन कामे वेगळी झाली.

१९३९ मध्ये ओक्लाहोमा सिटीत इर्विन फाइफ यांनी वेब गाईडचा धंदा सुरू केला. जुने गाईड हवा आणि तेलावर चालत. कडेवर हवेचा झोत सोडायचा. कड सरकली की दाब बदलतो आणि हायड्रॉलिक सिलिंडर रोलरांची फ्रेम वळवतो. कडेने झोत निम्मा झाकला म्हणजे सगळे ठीक.

मेख इथेच आहे. वेब तुटली की सेन्सर पूर्ण उघडा पडतो. गाईडच्या हिशेबी वेब दूर सरकली, म्हणून तो फ्रेम वळवत स्ट्रोकच्या, म्हणजे तिच्या हालचालीच्या, टोकापर्यंत नेतो. नवी वेब ओवली जाते ती या तिरक्या फ्रेमवरून. आधीच्या आणि पुढच्या टप्प्यात पट्ट्याला पीळ बसतो, कडा जास्त ताणल्या जातात, सुरकुत्या पडतात. ताणलेल्या कडेला बारीक चीर असली तर वेब पुन्हा तुटते आणि बोल लागतो कागदाला!

दोन्ही कडांना सेन्सर लावून मध्य धरणाऱ्या गाईडमध्ये दोन्ही एकदम उघडले तर फरक शून्य राहतो आणि फ्रेम जागीच थांबते. पण वेब क्वचितच सरळ फाटते. एक कड आधी गेली की तेवढ्या क्षणात फ्रेम धावतेच.

१९६८ मध्ये जॉन शेल्टन यांनी ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातील प्रबंधात वेबच्या आडव्या हालचालीचे गणित मांडले. रोलरवर पकड असेल तर वेब त्याच्या अक्षाशी काटकोनात येऊ पाहते. ताण गेला की पकड जाते, मग फ्रेम कितीही वळवा, वेब सावरत नाही. म्हणून तुटल्यावर गाईड लॉक करणे हाच उपाय.

मायक्रोप्रोसेसर आल्यावर हे सोपे झाले. सेन्सर पूर्ण उघडा आणि लोडसेलवरचा (ताण मोजणाऱ्या सेन्सरवरचा) ताण मर्यादेखाली, अशा दोन्ही खुणा मिळाल्या तरच वेब तुटली असे धरायचे. कारण कडेची चीरही सेन्सर क्षणभर उघडते. वेब तुटलीच असेल तर गाईड लॉक, अनवाइंडला (रीळ उलगडणाऱ्या भागाला) ब्रेक, मशीन थांबल्यावर फ्रेम मध्यावर. वेब ओवून ताण चढवायचा, मशीन संथ गतीने सुरू करायचे आणि त्यानंतरच गाईड ऑटोवर टाकायचा.

वृत्तपत्राच्या छपाईत एवढ्याने भागत नाही. सिलिंडर लगेच थांबत नाहीत, म्हणून मागून येणारा कागद कापून तोडावा लागतो. नाहीतर तो ब्लँकेट सिलिंडरवर, म्हणजे कागदावर शाई उमटवणाऱ्या रबरी सिलिंडरवर, गुंडाळला जातो.

इन्फ्रारेड सेन्सरच्या काचेवर धूळ साचली तर तुटलेली वेबही 'आहे' असे दिसते. पारदर्शक फिल्मला तर ध्वनिलहरींवर चालणारा अल्ट्रासॉनिकच बरा. जुन्या लाइनवर नवा कंट्रोलर बसवताना मात्र हमखास एक गोष्ट राहते: लॉकचा इनपुट असतो, पण मशीनच्या पॅनेलपासून त्याची वायरच ओढलेली नसते.