आपल्या माणसांची वस्ती, परकी भाषा आणि पगार : पार्श्वभूमी

देशबांधवांच्या वस्तीत राहणारा स्थलांतरित नवी भाषा शिकत नाही आणि म्हणून मागे पडतो, हे समीकरण जुनं आहे. १९२० च्या दशकात शिकागोतल्या समाजशास्त्रज्ञांनी वस्तीला पहिला मुक्काम मानलं. भाषा आली, हातात पैसा खेळू लागला की माणूस तिथून बाहेर पडणार. १९८० मध्ये मायामीतल्या क्यूबन लोकांवरच्या अभ्यासाने याला छेद दिला. देशबांधवांच्या धंद्यात काम करणाऱ्यांना तिथे शिक्षणाचा नि अनुभवाचा मोबदला मिळत होता. फायदा मालकांचा होतो, नोकरांचा नाही, असं प्रत्युत्तर १९८७ मध्ये आलं. पण खरी अडचण वेगळीच होती. भाषा न येणारेच मुळात अशा वस्तीत घर शोधतात. मग कमी पगाराचं खापर वस्तीवर फोडायचं कसं?

ही गाठ सुटली ती स्वीडनच्या एका वादग्रस्त निर्णयामुळे. निर्वासित मोठ्या शहरांत एकवटू नयेत म्हणून १९८५ पासून सरकारने त्यांना देशभर विखरून वसवायला सुरुवात केली. हेतू होता भाषा लवकर यावी हा. प्रत्यक्षात घरांची टंचाई होती, त्यामुळे जिथे घर रिकामं तिथे माणूस पाठवला गेला; तिथे काम आहे का, हा प्रश्न मागे राहिला. नगरपालिकेचे अधिकारी निर्वासिताला भेटतही नसत. कागदावरची भाषा, शिक्षण आणि कुटुंबातली माणसं पाहून वाटप होई. लहान घरं दुर्मिळ, म्हणून एकट्या माणसाची सोय लावणं सगळ्यात अवघड. नंतर गाव सोडायला मोकळीक होती, आणि अनेकांनी ते सोडलंच. १९९४ मध्ये हे धोरण गुंडाळलं गेलं.

कुठे राहायचं हे निर्वासिताने स्वतः ठरवलेलं नसल्याने वस्तीचा परिणाम वेगळा काढता आला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे : देशबांधवांचं प्रमाण एका प्रमाण विचलनाने (आकडे सरासरीपासून किती विखुरलेले आहेत हे सांगणाऱ्या मापाने) वाढलं, तर कमी शिकलेल्यांची कमाई सुमारे १३ टक्क्यांनी वाढत होती. मात्र आधीचे देशबांधव चांगले कमावते असतील तरच हा लाभ मोठा. काम कुठे आहे हे सांगणारा माणूस शेजारी हवा, आणि तो स्वतः कामावर हवा. डेन्मार्कमध्ये १९८६ ते १९९८ दरम्यान वसवलेल्या निर्वासितांबाबतही कमाईचं चित्र असंच दिसलं.

भाषेचं नुकसान मात्र खरं आहे. जर्मनीत पाहुण्या कामगारांना, म्हणजे परदेशातून कामासाठी बोलावलेल्या मजुरांना, कंपन्यांनीच ठिकठिकाणी नेमलं होतं. तिथे देशबांधव जास्त असलेल्या भागात जर्मन कच्ची राहिल्याचं आढळलं. म्हणजे भाषा घसरते म्हणून कमाईही घसरतेच, असं नाही.

धोरणांनी यातला भाषेचा अर्धा भाग तेवढा उचलला. जर्मनीने २०१६ मध्ये मान्यताप्राप्त निर्वासितांवर तीन वर्षं ठरलेल्या राज्यात राहण्याचं बंधन घातलं. डेन्मार्कने २०१८ मध्ये सरकारने वंचित ठरवलेल्या, यादीतल्या वस्त्यांमधल्या मुलांना वयाच्या पहिल्या वर्षापासून आठवड्याला २५ तास पाळणाघरात पाठवणं सक्तीचं केलं; डॅनिश भाषा शिकवणं हा त्यामागचा एक उघड हेतू. २०२० पासून स्वीडननेही काही भागांत स्वतःहून राहायला जाणाऱ्या आश्रयार्थींचा दैनिक भत्ता थांबवला.