सेंद्रिय कौटुंबिक अंडीपालन (नागपूर जिल्हा)

संत्राबाग, धान्य, कडधान्य, भाजीपाला आणि गुरे यांच्या जोडीने एका कुटुंबाने स्वतःच्या शेतात केलेले, रासायनिक फवारण्या आणि वाढीसाठीची प्रतिजैविके टाळणारे, अंड्यांसाठीचे कोंबडीपालन. पिंजऱ्यातल्या कुक्कुटपालनासारखी येथे कोंबडी कोंडलेली नसते. परसातल्या चार-सहा कोंबड्यांपेक्षाही हा उद्योग वेगळा आहे, कारण खाद्य, लस, खत आणि विक्री यांचा हिशेब ठेवावा लागतो. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेरकडे तो संत्र्याच्या आधाराने उभा राहतो, तर रामटेक-मौदा भागात धानाच्या.

खाद्य : किती कोंबड्या पाळायच्या हे कणगीतल्या धान्यावरून ठरते. अंड्यावरची कोंबडी दिवसाला सुमारे ११५ ग्रॅम खाते, म्हणजे शंभर कोंबड्यांना वर्षाला जवळजवळ ४२ क्विंटल खाद्य लागते. उत्पादनखर्चाचा साठ-सत्तर टक्के भाग हाच. सगळे विकत आणले तर घरची शेती असण्याचा फायदा उरत नाही. ज्वारी, मका, तुरीची चुनी, धानाची कनकी आणि कोंढा घरचा असावा. सोयाबीन कच्चे देऊ नये. त्यातला एक घटक प्रथिनांचे पचन अडवतो, आणि तो उष्णता दिल्यावरच, म्हणजे भाजल्यावर वगैरे, नाहीसा होतो. तिळाच्या ढेपेत मिथिओनिन हा प्रथिनांतला आवश्यक घटक भरपूर असल्याने ती सोयाबीनची उणीव भरून काढते.

कापसाच्या या मुलखात सरकीची ढेप सहज मिळते आणि मोह होतो. पण ती येथे दोन कारणांनी वर्ज्य आहे. तिच्यातल्या गॉसिपॉल या विषारी द्रव्यामुळे साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट पडतो. शिवाय विदर्भातला कापूस जवळजवळ सगळा बीटी आहे आणि सेंद्रिय मानकांना जनुकीय बदल केलेले पीक चालत नाही. कवचासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. ज्या कोंबडीला गरज आहे ती तेवढाच खाते.

ऊन : नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नाहीत. ती चोच उघडून धापा टाकते आणि त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. कवच बनवायला लागणारा कार्बोनेट त्यातूनच मिळत असल्याने उन्हाळ्यात अंडी पातळ कवचाची होतात. अशा वेळी नुसता शिंपल्यांचा चुरा वाढवून भागत नाही, आधी धाप थांबवावी लागते. म्हणून शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवतात, छपरावर चुना मारतात किंवा तणस आणि पऱ्हाटी अंथरतात, खिडक्यांना ओली पोती लावतात. खाद्य पहाटे आणि उन्हे कलल्यावर द्यावे. पचनाने अंगात उष्णता वाढते, आणि ती भर दुपारी वाढणे कोंबडीच्या जिवावर बेतते. पाणी दुपटीने लागते. सावलीत अर्धे पुरलेले माठ ते गार ठेवतात. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, अंडी घटतातच. ती घट सोसावी आणि पक्षी जगवावेत, हेच शहाणपणाचे.

संत्राबाग : बागेची सावली हे येथल्या कोंबडीचे खरे छप्पर आहे. गळलेल्या फळांतल्या अळ्या आणि मातीतले फळमाशीचे कोष कोंबड्या उकरून खातात. मात्र त्याच उकरण्याने बुंध्याजवळच्या मुळांना जखमा होतात आणि काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत त्यांतून डिंक्याची (खोडातून डिंक गळण्याच्या रोगाची) बुरशी शिरते. बुंध्याभोवती काट्यांचे किंवा जाळीचे कुंपण घालावे आणि कळप एका जागी फार दिवस ठेवू नये. ताजी विष्ठा झाडांना कधीच देऊ नये. ती उष्ण पडते, मुळे जाळते. शेडमधली तूस अंथरलेली गादी काही महिने कुजवून मगच आळ्यात घालावी. बाग सेंद्रिय ठरायला तीन वर्षांचा रूपांतरकाळ लागतो. तोवर संत्र्याला सेंद्रिय म्हणून भाव मिळत नाही, आणि त्या काळात अंड्यांचा रोजचा पैसा घर चालवतो. मिश्र शेतीचा हा लाभ मला सर्वांत मोलाचा वाटतो.

आरोग्य : सेंद्रिय म्हणजे लस नको, हा समज घातक आहे. मानमोडीने (राणीखेत रोगाने) अख्खा कळप काही दिवसांत जातो. पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी ही या रोगावरची लस द्यावीच. मानके तिला परवानगी देतात. निदानासाठी शहरातच १९५८ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि २००० साली स्थापन झालेले महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे.

प्रमाणन : राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ पासून सुरू आहे. लहान शेतकऱ्यांना पीजीएस-इंडियाची, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेती तपासून हमी देण्याची, गटपद्धत परवडते. थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या सेंद्रिय अन्न नियमांत प्रमाणपत्रातून सूट आहे.

विक्री व कळपाची आखणी : कवचाचा तपकिरी रंग जातीमुळे येतो, सेंद्रियपणामुळे नाही. तरी बाजारात पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून ‘गावरान’ म्हणून विकतात. ग्राहकाला शेतावर बोलावणे हा त्यावरचा सर्वांत चांगला उपाय. श्रावणात मागणी पडते, पोळ्याच्या करीपासून जरा उठते, गणपती-नवरात्रात पुन्हा बसते आणि दसऱ्यानंतर थंडीभर चढी राहते. ग्रामप्रियासारखी सुधारित जात गावरानपेक्षा कितीतरी जास्त अंडी देते, पण ती सहसा खुडूक होत नाही (उबवायला अंड्यांवर बसत नाही) आणि पुढच्या पिढीत तिचे गुण टिकत नाहीत. गावरान कोंबडी वर्षाला साठ-ऐंशीच अंडी देते, तरी काही गावरान कोंबड्या राखाव्यात. माघात खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली की २१ दिवसांत पिल्ले निघतात. वैशाखापर्यंत ती अंगाने सुटी, हलकी तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) होतात आणि अंड्यावरच्या जड कोंबड्यांपेक्षा ऊन बरे सोसतात. दसऱ्याच्या सुमारास त्यांचे पहिले अंडे खुराड्यात पडते.