संवर्धन-प्रजनन

संवर्धन-प्रजनन : निसर्गातून नाहीशा होत चाललेल्या प्रजातींची प्राणिसंग्रहालयात हिशेबाने वीण करून त्यांची संख्या व जनुकीय विविधता टिकवण्याची पद्धत. साओला, सुमात्रा गेंडा, खवले मांजर, इंद्री लेमूर यांचीही अशी वीण व्हावी, या प्राणिप्रेमींच्या मागणीत ही नावे वर्षानुवर्षे येत राहतात आणि ती मागणी रास्तच आहे. पण नुसता दुर्मीळ आहे म्हणून कोणताही प्राणी संग्रहालयात रुजत नाही. तो काय खातो, माजावर कधी येतो, कशाने बिथरतो हे शिकावे लागते आणि शिकता शिकता काही जनावरे हातची जातात. म्हणून जंगलात पुरेसे प्राणी असतानाच सुरुवात व्हायला हवी. या क्षेत्रातली मोठी अपयशे बहुतेक उशिरामुळे आलेली आहेत.

साओला हे त्याचे सर्वांत बोचरे उदाहरण. व्हिएतनाम-लाओस सीमेवरच्या अन्नामी डोंगररांगेतला हा गाय-बैलांच्या कुळातला प्राणी १९९२ मध्ये शिकाऱ्यांच्या घरांत सापडलेल्या शिंगांवरून विज्ञानाला कळला. त्या दशकात पकडलेले जवळजवळ सगळे साओला काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावले. आज एकाही संग्रहालयात साओला नाही आणि कॅमेरा सापळ्यातले त्याचे शेवटचे छायाचित्र २०१३ चे आहे. इंद्रीची वीण बंदिवासात कधीच झालेली नाही, कारण त्याच्या पोटाला लागणारा पानांचा मेळ बाहेर जमलेला नाही. खवले मांजर मुंग्या-वाळवीवर जगते. खाण्यातला बदल आणि ताण यांमुळे त्याला जठरात व्रण होतात, न्यूमोनिया होतो.

सुमात्रा गेंड्याने मात्र बरेच शिकवले. १९८४ ते १९९६ या काळात ४० गेंडे पकडले गेले आणि त्यांतले बहुतेक लवकर मेले. त्यांना इतर गेंड्यांप्रमाणे वाळले गवत दिले जात होते, पण हा प्राणी झाडपाला खाणारा आहे. दिवसाला ५० किलोपर्यंत पाला, त्यातही वड-उंबराच्या गणातला, त्याला लागतो. आवारात दाट सावली नसेल तर डोळे बिघडतात आणि चिखलाचे डबके नसेल तर कातडी फुटते. दुसरी अडचण विणीची. मादीचे बीज नराशी संग झाल्यावरच सुटते. चुकीच्या दिवशी जोडी एकत्र सोडली तर दोघे एकमेकांना जखमी करतात. अमेरिकेतल्या सिनसिनाटी प्राणिसंग्रहालयात मादीला शांत उभी राहायची सवय लावून वरचेवर सोनोग्राफी केली गेली आणि बीजपुटक, म्हणजे बीज ज्यात वाढते ती पिशवी, सुमारे २० मिलिमीटरचे झाले की नराला आत घेतले. एमी या मादीचा गर्भ अनेकदा पडला. शेवटी प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तोंडावाटे दिल्यावर तो टिकला आणि १३ सप्टेंबर २००१ रोजी अंदालास जन्मला. १८८९ नंतर बंदिवासातल्या विणीतून जन्मलेला हा पहिला बछडा. तोच पुढे सुमात्रातल्या वाय कांबास या अभयारण्यात गेला आणि २०१२ मध्ये बाप झाला. मादी वर्षानुवर्षे न विता राहिली तर तिच्या गर्भाशयात गाठी व पुटके होतात. म्हणजे ‘आधी पकडू, जोडीचे नंतर पाहू’ हा विचार इथे मादीच गमावून बसतो.

जनावरे जगू लागली की खरा हिशेब सुरू होतो. जंगलातून आणलेल्या आणि पुढे वंश चालवणाऱ्या प्राण्यांना मूळ जनक म्हणतात. एकमेकांशी नाते नसलेले २० मूळ जनक मिळाले तर जंगलातल्या विविधतेपैकी सुमारे ९७.५ टक्के विविधता सोबत येते, ७ मिळाले तर ९३ टक्क्यांच्या आसपास. शंभर वर्षांनंतरही ९० टक्के शिल्लक राहावी, हे नेहमीचे उद्दिष्ट. काळ्या पायांच्या फेरेटची (उत्तर अमेरिकेतला मुंगसासारखा दिसणारा छोटा शिकारी प्राणी) सगळी बंदिवासातली प्रजा ७ जनकांपासूनची, तर आसाममधल्या पिग्मी हॉग या बुटक्या रानडुकराचा प्रकल्प १९९६ मध्ये मानस अभयारण्यातल्या ६ जनावरांवर उभा राहिला. प्रत्येक जिवाचा क्रमांक, आईबाप, जन्म, बदली व मृत्यू वंशावळ नोंदवहीत लिहितात. युरोपीय गव्याची अशी नोंदवही १९३२ मध्ये निघाली. जोडी लावताना देखणा किंवा सहज विणारा नर निवडणे ही नेहमीची चूक. ज्याचे नातलग कळपात सर्वांत कमी, त्याला पहिला मान द्यायचा असतो. शिवाय मूळ तपासलेच पाहिजे. उत्तर अमेरिकेतल्या आशियाई सिंहांच्या प्रकल्पात आफ्रिकी रक्त मिसळल्याचे १९८०च्या दशकात उघड झाले आणि त्या कळपावरची मेहनत वाया गेली.

आजार घात करतात ते बेसावधपणी. १९७०च्या दशकात फेरेटना टोचलेल्या जिवंत विषाणूच्या लशीनेच डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग होऊन त्यांतले काही मेले. लस दुसऱ्या प्रजातीत सुरक्षित ठरली होती, एवढ्यावर विसंबल्याचा हा परिणाम. बाली मैना, धनेश आणि पाला खाणारे गेंडे यांच्या यकृतात लोह साचते, म्हणून त्यांच्या खाद्यातले लोह मोजूनच ठेवावे लागते.

कॅलिफोर्निया कोंडोर हे अमेरिकेतले गिधाडासारखे मोठे पक्षी १९८२ मध्ये २२ उरले होते आणि १९८७ मध्ये जंगलातला शेवटचाही पकडला गेला. मादी एकच अंडे घालते, पण ते उचलले की बहुधा दुसरे घालते. उचललेली अंडी यंत्रात उबवून पिल्लांना कोंडोरच्या डोक्यासारख्या हातबाहुलीने भरवले गेले, म्हणजे पिल्लू माणसाला आई समजत नाही. आज ५०० हून अधिक कोंडोर आहेत. व्हाकिटा या छोट्या शिंशुकाला पकडून सांभाळण्याचा २०१७ मध्ये केलेला प्रयत्न मात्र एक मादी दगावल्यावर थांबवावा लागला.

मागणीच्या यादीत क्वचितच दिसणाऱ्या पार्टुला गोगलगाईंना जास्त जागा द्यायला हवी, कारण एका खोलीत शेकडो मावतात. फ्रेंच पॉलिनेशियात १९७०च्या दशकात आणलेल्या शिकारी गोगलगाईने त्या संपवल्या. वाचलेल्या काही प्रजाती संग्रहालयांत पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या गेल्या आणि परत सोडताना प्रत्येकीच्या शंखावर रंगाचा ठिपका दिला गेला. २०२४ मध्ये तिथल्या मुरेआ बेटावर ठिपका नसलेल्या ११ प्रौढ गोगलगाई सापडल्या. त्या जंगलातच जन्मलेल्या होत्या.