मृत्युनोंद : शोध आणि दाखला (महाराष्ट्र)

एखाद्या व्यक्तीच्या मृत्यूची तारीख, ठिकाण आणि इतर तपशील निबंधकाने सरकारी नोंदवहीत लिहिले, की ती मृत्युनोंद होते. या नोंदीचा सही-शिक्क्यानिशी मिळणारा उतारा म्हणजे मृत्यू दाखला. हा सगळा व्यवहार जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ या कायद्याने चालतो. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू आहे. विमा, पेन्शन किंवा बँकेच्या खात्यासाठी दाखला लगेच काढला जातो. जमिनीच्या बाबतीत मात्र आजोबांचे नाव सातबाऱ्यावर वर्षानुवर्षे तसेच राहते आणि वारस लावायची वेळ आली की धावपळ सुरू होते. जुन्या नोंदींचा शोध बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो.

शोधणाऱ्याची पहिली चूक ठरलेली असते. माणूस ज्या गावचा, त्या गावच्या ग्रामपंचायतीत तो जाऊन बसतो. कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद मूळ गावी किंवा राहत्या पत्त्यावर होत नाही, मृत्यू जिथे घडला तिथे होते. पाटण तालुक्यातला माणूस पुण्यातल्या रुग्णालयात वारला आणि अंत्यविधी गावी झाला, तरी त्याची नोंद पुणे महानगरपालिकेकडेच असणार. धावत्या वाहनात मृत्यू झाला तर वाहन पहिल्यांदा थांबले ते ठिकाण धरतात. रुग्णालयातल्या मृत्यूची खबर रुग्णालयाने द्यायची असते, घरच्या मृत्यूची कुटुंबप्रमुखाने, आणि तीही २१ दिवसांत. म्हणून घरात आधी विचारायचे ते एवढेच, की शेवटचा श्वास कुठे घेतला.

खेड्यात निबंधकाचे काम ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) असते. शहरात ते नगरपालिकेच्या किंवा महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागाकडे जाते आणि मुंबईत वॉर्ड कार्यालयाकडे. हद्दवाढ झालेल्या गावांबाबत सावध राहावे. पुण्यात २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे पालिकेत आली. अशा ठिकाणी जुनी वही नेमकी कोणत्या कार्यालयात गेली, हे आधी विचारून घेतलेले बरे.

अर्जात मयताचे पूर्ण नाव, मृत्यूची तारीख व ठिकाण आणि अर्जदाराचे नाते लिहितात. तारीख पक्की असेल तर काम सोपे. नसेल तर वर्षागणिक शोध शुल्क भरून एकेक वर्षाची वही पाहावी लागते. नव्या नोंदी संगणकावर असल्याने लवकर सापडतात. मृत्यूचे कारण या उताऱ्यावर येत नाही, कारण कायद्याच्या कलम १७ नुसार ते उघड करायला मनाई आहे. विमा कंपनीला कारण हवे असेल तर डॉक्टरचे कारणाचे प्रमाणपत्र वेगळे लागते. २०२३ च्या दुरुस्तीने त्याची एक प्रत जवळच्या नातेवाइकाला देणे रुग्णालयांवर बंधनकारक केले आहे. ती दाखल्याबरोबर फाइलला लावून ठेवावी.

तारीखच माहीत नसेल तेव्हा खरी कसोटी लागते. सगळ्यात भरवशाची वाट महसुली दप्तरातून जाते. वारसांची नावे लागली असतील तर गाव नमुना ६ मधल्या फेरफारात (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत) किंवा ६-क च्या वारस नोंदवहीत ‘अमुक इसम अमुक तारखेस मयत’ असे वाक्य सापडते. घरातल्या श्राद्धावरूनही माग लागतो. वर्षश्राद्धाचा महिना, पक्ष आणि तिथी घरच्यांना पाठ असते. साल कळले, की जुन्या पंचांगातून इंग्रजी तारीख काढता येते. साल मात्र बहुतेकदा ‘बहात्तरच्या दुष्काळात’ किंवा ‘कोयनेच्या भूकंपाच्या आदल्या वर्षी’ असे सांगितले जाते, आणि खरे तर तेवढे पुरते. पितृपक्षातल्या तिथीवर मात्र डोळे झाकून विसंबू नये. नवऱ्याआधी गेलेल्या स्त्रीचे श्राद्ध अविधवा नवमीला घालतात, मग तिची मृत्युतिथी कोणतीही असो. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पैठण येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांत अस्थिविसर्जनाला कोण, कधी आले होते ते लिहिलेले असते. या नामावळीवरून दाखला मिळत नाही, मात्र साल हाती लागते.

१९७० पूर्वीच्या नोंदींसाठी गाव नमुना १४ पाहतात. लोक त्याला ‘कोतवाल बुक’ म्हणतात. गावातल्या जन्म-मृत्यूची वर्दी कोतवाल देई आणि पाटलाच्या दप्तरात ती लिहिली जाई. या वह्या आज बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात आहेत. तालुक्याचे विभाजन झाले असेल तर मूळ तालुक्याकडेही विचारावे. वहीत तारीख, मयताचे नाव, जात, वय आणि मरणाचे कारण असे रकाने असतात. कारणाच्या रकान्यात पटकी, देवी, प्लेग, हगवण आणि सगळ्यात जास्त वेळा नुसते ‘ताप’. आडनाव अनेकदा नसतेच. ‘राणू बिन तुका’ म्हणजे तुकाचा मुलगा राणू, आणि ‘गंगू कोम राणू’ म्हणजे राणूची बायको गंगू. आडनावाने शोधणारा अशा पानावरून नजर फिरवून पुढे निघून जातो. जुनी पाने मोडी लिपीत असतात, त्यामुळे मोडी वाचक सोबत असलेला बरा. मराठवाड्यात निजामकाळचे दप्तर उर्दूत आहे, आणि त्यातले काही हैदराबादेत आहे.

याच जातीच्या रकान्यामुळे कोतवाल बुकाला अलीकडे भलताच भाव आला. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठा-कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा हे नमुने राज्यभर चाळले गेले. खापरपणजोबा कधी वारले हे पूर्वी कुणी विचारत नव्हते. आता त्याच ओळीची नक्कल मिळवायला लोक रांग लावतात.

वही पाहूनही नाव सापडले नाही, तर ‘नोंद आढळून येत नाही’ असा दाखला लेखी मागावा. नुसत्या तोंडी उत्तरावर परत येऊ नये, कारण पुढची पायरी या कागदावर उभी असते. मृत्यूला एक वर्ष उलटून गेले असेल तर निबंधक आपल्या अधिकारात नोंद घेऊ शकत नाही. पूर्वी त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हा अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यासाठी नेमलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे गेला. २०२५ साली राज्य शासनाने उशिराच्या नोंदींची पडताळणी कडक केली आहे, तेव्हा स्मशानभूमीची पावती, रुग्णालयाचे कागद, शेजाऱ्यांचे जबाब असे जे मिळेल ते जोडावे.

नावात चूक निघाली तर मूळ नोंद खोडत नाहीत. कलम १५ प्रमाणे दुरुस्ती समासात लिहून निबंधक तारखेसह सही करतो. मृत्यू शेजारच्या गोव्यात झाला असेल, तर तिथल्या पोर्तुगीज अमदानीतल्या नोंदी नागरी नोंदणी कार्यालयांच्या दप्तरात पोर्तुगीज भाषेत आहेत. तिथे नावे पोर्तुगीज वळणाने लिहिलेली असल्यामुळे, आपल्या उच्चाराचे नाव रोमन लिपीत तेव्हा कसे लिहिले गेले असेल, याचे दोन-तीन पर्याय घरूनच काढून न्यावेत.