थांबायचं कधी? अल्कलीच्या अनुमापनामागचा इतिहास

अल्कलीत (आम्लाचा गुण मारणाऱ्या पदार्थात) आम्ल थेंबाथेंबाने सोडून तिची तीव्रता काढणं म्हणजे अनुमापन, ते गोव्यात अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिकांत नेहमीचंच. ही रीत आली मात्र कापड धुणाऱ्यांकडून. अठराव्या शतकात युरोपात कापड पांढरं करायला पोटॅश लागे. पोटॅश म्हणजे लाकडाच्या राखेतला क्षार. आपल्याकडे माडाच्या चुडतांच्या (झावळ्यांच्या) राखेने भांडी घासत, त्यातही गुण त्याचाच. पोटॅशचा कस मालागणिक बदले आणि भेसळही होई, म्हणून विकत घेणाऱ्याला तो पारखून घ्यावा लागे.

एडिंबरोचे डॉक्टर फ्रान्सिस होम यांनी १७५६ मध्ये पोटॅशवर पातळ नायट्रिक आम्ल चमच्याने घातलं आणि बुडबुडे थांबेपर्यंत किती चमचे लागले ते मोजलं. कल्पना झकास, पण शेवटचे बुडबुडे कधी थांबले यावर दोघांचं एकमत होणं कठीण. शिवाय बुडबुडे येतात ते कार्बोनेटमुळे. निव्वळ कॉस्टिक, म्हणजे कार्बोनेट नसलेली अल्कली फसफसतच नाही. विल्यम लुईस यांनी १७६७ मध्ये लिटमस (आम्लात लाल, अल्कलीत निळा होणारा रंग) लावलेला कागद वापरला, आम्ल वजनाने मोजलं आणि शुद्ध पोटॅशशी तुलना केली. माझ्या मते खरी सुरुवात इथून.

उपकरणं पुढे सुधारत गेली: देक्रॉइझिलची खुणा केलेली नळी (१८०६), मग गे-ल्युसॅकची उपकरणं, आणि १८५५ च्या सुमारास मोरची चिमट्याची ब्युरेट, म्हणजे थेंब सोडायची खुणांची नळी.

फिनॉल्फ्थॅलिन १८७७ मध्ये आणि मिथिल ऑरेंज १८७८ मध्ये दर्शक म्हणून, म्हणजे रंग बदलून थांबायची वेळ सांगणारं द्रव्य म्हणून आलं, तेव्हा एक गंमत कळली. पहिल्याचा गुलाबी रंग साधारण ८.३ पीएचला (पीएच म्हणजे आम्लता-अल्कलीपणाचं माप, ७ उदासीन) जातो, म्हणजे कार्बोनेटचं बायकार्बोनेट होतं तिथेच. दुसरं चारच्या आसपास बदलतं. दोन्ही रंगबदलांपर्यंत लागलेल्या आम्लाच्या मापांतल्या फरकावरून कॉस्टिक सोड्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड किती शोषला ते निघतं. आपल्या पावसाळ्यात बाटली उघडी राहिली तर सोड्याच्या गोळ्या डोळ्यांदेखत पाझरू लागतात, त्यामुळे त्या तोलून अचूक द्रावण करता येतच नाही. ते अनुमापनानेच ठरवायचं.

समुद्राच्या पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवायची क्षमता, आजही आम्लानेच काढतात. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेचं क्षेत्र हेच. किलोला साधारण २.३ मिलिमोल एवढी ती असते. इतक्या अचूक कामाला डोळ्यावर विसंबून भागत नाही, म्हणून इलेक्ट्रोडच्या नोंदींवरून अंतिम बिंदू, म्हणजे थांबायची जागा, गणिताने शोधतात. ग्रॅन यांनी ही रीत १९५२ मध्ये मांडली.